तुझ्या कॉम्प्युटरात कोणी बसलेलं नाही

प्रिय आत्या,

तुझ्यावर आळ आलाय, म्हणून लिहितेय. आणि तोही तू मेल्यावर!

वाडीत बोलतात, तू गेलीच नाहीस. आमच्या पडवीत, तुझ्या कॉम्प्युटरात बसून राहिलीयस. दिवेलागणीला येतेस, चालता कॉम्प्युटर बंद पाडतेस आणि निघून जातेस. तू! भूतबित काय नसतं, अंधारात फार तर शेळी असते, असं म्हणून आम्हा पोरांना काळोखात विहिरीवर पाठवणारी तू, आता स्वतःच भूत झालीयस म्हणे. असतीस तर एकेकाला पडवीत उभं करून झाडलं असतंस. आता जबाब कोण देणार? मीच देतेय.

आणि मला ठाऊक आहे, तू हे वाचणार नाहीस. मेलं की संपलं, हे तूच शिकवलंस. मग लिहितेस कशाला, म्हणशील. अगं, कुठूनही भटकून आले की आधी तुझ्याकडे येऊन सगळं ओकायची सवय आहे मला. ती तुझ्याबरोबर जळली नाही, त्याला मी काय करू?

तू गेलीस तेव्हा मी आंजर्ल्याला होते. डोंगरावरच्या गणपतीच्या वाटेवर एक बाई पर्यटकांना जेवण घालते, तिच्याकडे कामाला. माझ्या हातचे तांदळाचे घावन लोक मागून मागून खायचे. मग एक दिवस बाईंनी सहज म्हणून आडनाव विचारलं, आणि दुसऱ्या दिवसापासून मी स्वयंपाकघरातून अंगणात. भांडी आणि झाडलोट. मी काय केलं सांगू? शेवटचे घावन पाहुण्यांना स्वतः नेऊन वाढले आणि मोठ्याने माझं आडनाव सांगितलं. ते खी खी करून हसले आणि आणखी दोन मागितले! हे तुला सांगायला म्हणून निघाले होते गं. वाटेत फोन आला.

असो. भरकटले. कॉम्प्युटरचं सांगत होते.

तू गेल्यावर मी पुन्हा बाहेरच होते, गोव्यात. पावसात परत आले तर घरात ही नवीन कहाणी. आई रोज दिवेलागणीला माजघरातल्या भिंतीवरून तुझा फोटो काढते, पदराने पुसते आणि पडवीत आणून तुझ्या टेबलावर उभा करते, सीपीयूच्या डब्याला टेकवून. वरून तुझा पांढरा रुमाल. पुढे मेणबत्ती, अगरबत्ती. का, तर "वन्सं या वेळेला हितंच बसायच्या." मेणबत्ती विझली की फोटो पुन्हा आत. आणि बरोबर त्याच वेळात तुझा कॉम्प्युटर आधी अडखळतो, मग माऊस थिजतो, मग पडदा काळा. फोटो आत नेला की थोड्या वेळाने सुतासारखा सरळ! सकाळी काही नाही, दुपारी काही नाही. फोटो आला की बंद, फोटो गेला की चालू. वाडीला आणखी काय पाहिजे?

आणि तू पण कमी नाहीस हं, आत्या! आयुष्यभर काय म्हणत होतीस? "माझ्याशिवाय तो कोणाचं ऐकत नाही." शाळेच्या कचेरीतून रिटायर होऊन तो आणलास त्या दिवसापासून. विणलेलं झाकण घालून ठेवायचीस. पोरींचे फॉर्म तू भरायचीस, पण की-बोर्डला हात लावू द्यायची नाहीस. कोणी लावलाच तर "बाय, बाजूला हो, तो लाडावलेला आहे." आता लोक तेच वाक्य मला ऐकवतात. "तीच म्हणायची ना गो, माझ्याशिवाय ऐकत नाय म्हणून?" तुझी फुशारकी तुझ्याविरुद्धचा पुरावा झाली. घे!

वर्षावास चालू आहे. संध्याकाळी विहारात वाचन होतं. आत्मा नाही, भूत नाही, पुनर्जन्माच्या थापा नाहीत. सगळे डोळे मिटून साधू साधू साधू म्हणतात. आणि बाहेर येऊन चपला शोधता शोधता मला विचारतात, "काय गो सुजा, आज पण बंद पडला काय? घुटमळते गो तुझी आत्या. लगीन नाय, पोर नाय, जीव अडकणारच." मी म्हटलं, आत काय ऐकलंत आता? तर म्हणतात, "तां वेगळा."

वेगळं! लग्न केलं नाही म्हणून जिवंतपणी बोलले, ते तू ऐकून घेतलंस. मेल्यावरही त्याच कारणासाठी भूत? हे मी ऐकून घेणार नव्हते.

वाडीचं जाऊ दे. पण पप्पा! विहाराच्या मंडळाचे अध्यक्ष, तुझे सख्खे धाकटे भाऊ. एका दुपारी मला हळूच म्हणतात, "आपल्याला नाय मानायचं. पण एकदा दाखवून घ्यायला काय जातं? गुपचूप." खाडीपलीकडचा एक भगत. रविवारी दुपारी येतो म्हणालाय. तो तुला नारळात बांधणार आणि खाडीत सोडणार. आणि कॉम्प्युटर भंगारात.

"पप्पा, आत्याला नारळात भरून खाडीत सोडणार तुम्ही?"

"आवाज कमी कर. शेजारी ऐकतील."

"ऐकू दे ना! बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावल्यात त्या कोणासाठी, पालींसाठी?"

पप्पांनी भिंतीकडे बघितलं. मग म्हणाले, "मग तू बंद पडायचा थांबवून दाखव. रविवारपर्यंत. नायतर मी सांगतो तसं."

आता बघ, सगळं माझ्यावर. माझ्यावर! बारावी अर्धी सोडलेली, अलोऱ्याला मावशीकडे ठेवून आयटीआयला घातलंत तिथूनही पळालेली मी. इलेक्ट्रिशियनचं जे काय डोक्यात राहिलं ते एवढंच की ओल्या हाताने काही करायचं नाही. पण रविवारी तुझं भूत असल्यावर शिक्कामोर्तब होणार होतं. एकदा का नारळ खाडीत गेला की मग कोणी सांगून काय उपयोग? पुढची पिढी म्हणणार, हो हो, आमच्या पडवीतून एक बाई काढली होती.

म्हणून बसले. आणि पहिल्याच दिवशी गाढवपणा केला. सगळं एकदम! डबा उघडला, आतला पंखा तांबड्या मातीच्या धुळीने गोधडीसारखा झालेला, तो ब्रशने साफ केला. मेमरीच्या पट्ट्या काढून खोडरबराने घासल्या, कारण खारट हवेने त्यांना गंज धरतो. वायरी बदलल्या. तुझे नको ते प्रोग्राम उडवले. मग बटण दाबलं. संध्याकाळी नेहमीपेक्षा जास्त वेळ चालला! मी उड्या मारल्या. आणि भात शिजून खाली उतरवायच्या सुमाराला पुन्हा थिजला. आता कशाने बरा झाला होता आणि कशाने बिघडला, कोणाला ठाऊक? तू म्हणायचीस ना, माझ्या हाताला धीर नाही म्हणून. अगदी तसंच झालं.

मग ठरवलं, एक वेळी एकच गोष्ट.

पहिली शंका विजेची. आपल्याकडे संध्याकाळी सगळ्यांचे दिवे, टीव्ही, पंप एकदम लागतात, बल्ब पिवळा पडतो. म्हणून आधी रत्नागिरीला नेऊन दाखवायचं ठरवलं, म्हणजे दुसऱ्या विजेवर काय करतो ते कळेल. डबा तुझ्या गोधडीत गुंडाळला, मांडीवर घेतला आणि एसटीत बसले. शेजारच्या म्हातारीने गोधडी चाचपली, म्हणाली, "बाळ निजलाय काय?" मी म्हटलं, आजारी आहे, डॉक्टरकडे नेतेय. तिने मला खिडकी दिली!

दुकानातल्या पोऱ्याने दिवसभर चालवला. काही नाही. उघडलाही नाही. म्हणाला, "चालतोय की. जुना झाला, नवीन घ्या." मी म्हटलं, माणूस जुना झाला की नवीन घेता काय तुम्ही? तो म्हणाला, ताई, गिऱ्हाईक आहेत.

येताना काय झालं सांगू नये, पण सांगते. त्याच म्हातारीची परत गाठ पडली, बोलता बोलता आपला स्टॉप गेला आणि बस पूर्णगडला जाऊन उभी राहिली. परतीच्या गाडीला वेळ होता. मग मी काय करणार? डबा काखेत घेऊन किल्ल्यावर गेले. छोटासाच तर किल्ला. तटावर बसले, डबा बाजूला, गोधडी पायावर. खाली होड्या येत होत्या. तुला सांगते आत्या, एवढी वर्षं पडवीत बसून फॉर्म भरले त्या बिचाऱ्याने, समुद्र बघितलाच नव्हता. मग आठवलं की खारं वारं त्याला वाईट, आणि लगेच गुंडाळला. पण बघून आला एवढं खरं.

घरी आणला, लावला. संध्याकाळी आईने मेणबत्ती लावली. बंद.

मग मोहल्ल्यात रुखसानाचाचीकडे गेले. तुझी जुनी मैत्रीण, ती एकटीच पडवीत यायची न घाबरता. तिच्या कोकम आगळाच्या बाटल्यांची लेबलं ती तुझ्याच प्रिंटरवर काढते. नवरा कुवेतला, घर तिच्यावर, म्हणून संध्याकाळीच यायची, आणि प्रत्येक वेळी लेबल अर्धं छापलं की कॉम्प्युटर थिजायचा. "गे पोरी, मशीन हाय ती," चाची म्हणाली. "माजा मिक्सर बंद पडतो तवा काय माजी सासू येते त्यात? ठेव हितं. बघू संध्याकाळी."

ठेवला. दिवेलागण झाली, मशिदीत बांग झाली, चाचीने नमाज पढला, आम्ही सांदण खाल्लं, कॉम्प्युटर चालू. प्रिंटरही नेला होता, त्यावर चाचीने सगळी लेबलं छापून काढली. जेवायची वेळ झाली तरी चालू! मी नाचतच घरी आले. वीज तीच, खांब तोच, तारा त्याच. म्हणजे विजेचा दोष नाही!

पप्पांनी ऐकून घेतलं आणि काय म्हणाले? "बघ. म्हंजे घरातच हाय ती. मोहल्ल्यात कशाला जाईल?"

मला रडूच आलं, रागाने. मी पुरावा गोळा करायचा आणि तो तुझ्याच विरुद्ध जायचा! तू काही वर्षं कोर्टाच्या बाजूच्या शाळेत होतीस ना, तुला कळेल. आईने फोटो पुसला.

शनिवारची संध्याकाळ. शेवटची. डबा परत तुझ्या टेबलावर. मी जुन्या फळीचा स्टूल घेऊन शेजारी बसले, समोर नाही, कारण समोर बसून आजवर काय कळलं होतं? कॉम्प्युटरवर एक लांबलचक व्हिडिओ लावून ठेवला होता. आईने तुझा फोटो आणला, टेकवला, रुमाल घातला, मेणबत्ती, अगरबत्ती. हात जोडून आत गेली.

आणि मी नेहमीसारखी भरकटले. व्हिडिओ सोडून अगरबत्तीच्या धुराकडे बघत बसले. धूर सरळ वर चाललेला. दोऱ्यासारखा. किती छान दिसतो ना? गोव्यात एक बाई... नाही, ते नको आता. धूर सरळ वर चाललेला, आणि मला एकदम वाटलं, सरळ का? डब्याच्या त्या बाजूला जाळी आहे, जाळीच्या आत पंखा. तो मी स्वतः साफ केलाय. तो हवा आत ओढतो. मग हातभर अंतरावरचा धूर त्याच्याकडे वाकायला नको?

हात लावला डब्याला. भाकरीचा तवा! आत पंखा किंचाळत होता, बिचारा. आणि जाळीवर, नीट, चपखल, काचेसकट, तुझा फोटो.

मी फोटो उचलला. आत्या, धूर वाकला! दोऱ्याचं टोक कोणीतरी ओढावं तसा जाळीकडे गेला आणि आत शिरला. किंचाळणं हळूहळू खाली आलं.

"वन्संच्या फोटोला हात लावू नको!" आई दारात.

"आई, बघ. बघ गो धूर."

"ठेव आधी तो खाली."

"ठेवते. पण तूच ठेव. होता तसाच ठेव."

तिने ठेवला. रुमाल सारखा केला. आम्ही दोघी उभ्या. पंखा पुन्हा चढला, चढला, व्हिडिओतला माणूस अर्ध्या शब्दावर तोंड उघडं ठेवून थिजला, आणि काळोख.

आई बराच वेळ त्या काळ्या पडद्याकडे बघत होती. मग फोटो घेऊन आत गेली. मला वाटलं होतं, ती हसेल. किंवा निदान जेवायला हाक मारेल.

रविवारी सकाळी मी चाचीला बोलावून आणलं, साक्षीदार म्हणून. पप्पांना खुर्चीत बसवलं. म्हटलं, आत्या कधी येते?

"दिवेलागणीला."

"सकाळी येते?"

"नाय."

"बरं." आणि मी माजघरातून तुझा फोटो नाही, पप्पांचाच आणला! जयंतीला मंडळाने सत्कार केला तो, शाल, गुच्छ, छाती पुढे. चौकट तुझ्याएवढीच. डब्याला टेकवली, जाळीवर. मेणबत्ती नाही, अगरबत्ती नाही. लख्ख ऊन. चाचीने मन लावून लेबल टाईप करायला घेतलं.

पप्पा म्हणाले, "हा काय चावटपणा?"

"बसा."

पोह्यांची बशी संपेपर्यंत काही झालं नाही. पप्पा मिशीतल्या मिशीत हसायला लागले होते. आणि मग पंखा चढला. चाचीच्या 'अमृत कोक' वर माऊस थिजला. पडदा काळा.

मग चाची, अगदी गंभीर तोंड करून, "भाऊ, तुमी पण आत बसलाव काय? आनि ते पन जित्ते?"

मी हसून खाली बसले. आई आतून आली होती, ती पदर तोंडाला लावून. पप्पा नाही हसले. त्यांनी स्वतःचा फोटो उचलला, जाळीत बोट घातलं, हवा बघितली, पुन्हा फोटो लावला, पुन्हा काढला. मग म्हणाले, "म्हंजे फोटोमुळं."

"फोटोमुळं नाय पप्पा. जाळी झाकल्यामुळं. तुमचा लावा, माझा लावा, पोळपाट लावा. आत गरम झालं की तो स्वतःला वाचवायला आधी मंद होतो, मग बंद होतो. शहाणा आहे तो. तुम्ही त्याच्या नाकावर उशी ठेवलीत आणि वर म्हणता, भूत बसलं!"

पप्पांनी फोन काढला. अंगणात जाऊन लावला, पण मला ऐकू आलं. "नको येव. नाय, नाय, दुसऱ्या कोणाला नाय बोलावला. पंख्याला हवा नव्हती." पलीकडून काहीतरी बराच वेळ आलं. पप्पा म्हणाले, "माझी भैन हाय ती. मी सांगतो ना, नाय म्हणून."

फोन ठेवून ते तिथंच पडवीच्या खांबाला हात लावून उभे राहिले. मी गेले. मला वाटलं, चिडलेत. पण ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "आंब्याच्या पेट्या ठेवायला आक्काची खोली घेतली मी. पडवी दिली तिला. कधी बोलली नाय ती एक अक्षर. मला वाटला, आता बोलते."

बघ आत्या. तुझा भाऊ तुझ्या भुताला का घाबरत होता ते. आणि मी काय म्हणावं? "असू दे, ती विसरली असेल," म्हणावं? नाही म्हटलं. मी म्हटलं, "ती बोलली नाय ही तिची चूक. घेतलीत ही तुमची. नारळाने दोन्ही फिटत नाय." कडक बोलले का? तू असतीस तर डोळे वटारले असतेस, मला ठाऊक आहे. पण तू खरंच का गप्प बसलीस गं? सगळ्या वाडीचे फॉर्म भरताना कलेक्टरशी भांडायची तयारी, आणि घरात खोली गेली तर मुकाट्याने टेबल उचलून पडवीत! या एका गोष्टीचा मला तुझा राग आहे. ठेवणार आहे.

मला वाटलं, जिंकले. संध्याकाळ झाली. दिवेलागण झाली. आई फोटो घेऊन आलीच नाही.

मी आत गेले. ती चुलीपुढे नुसती बसलेली. तुझा फोटो भिंतीवरच.

"आई, आण ना फोटो."

"कशाला? बंद पडायचा परत."

"आई..."

"मला म्हाईत होता गो," ती म्हणाली. "भूतबित नाय ते. वन्सं मला रोज तेच शिकवायच्या. पण बंद पडला ना, की वाटायचा, हाय अजून. माझ्यावर रागावून बंद करतात म्हणायची मी. एवढी वर्षं संध्याकाळची आमी दोघीच असायचो हितं. तुझा बाप मंडळात, तू कुठं ते देवाला ठावूक, म्हंजे, कोणाला नाय ठावूक. त्या टाईप करायच्या, मी भाजी निवडायची. बोलायचो पन नाय. नुसता ऐकू यायचा टकटक."

आता सांग, हे कोणत्या आयटीआयत शिकवतात? आठवडाभर मी सगळ्यांशी भांडले की तू तिथे नाहीस. पटवून दिलं. धुराने, फोटोने, साक्षीदाराने. आणि एका बाईला तेवढीच सोबत होती, ती मी पुराव्यानिशी काढून घेतली.

तरी मी माघार घेणार नाही, आत्या. घेतली नाही. तू नाहीस हे खरं आहे, आणि खरं आईला झेपत नाही असं कोणी ठरवलं? मी फोटो उतरवला, पडवीत नेला, तिला हाताला धरून नेलं. फोटो टेबलावर उभा केला. डब्याला टेकवून नाही. मागे पुस्तकांचा टेकू दिला.

"तुझा हात आण."

तिची चार बोटं आडवी धरली, चौकट आणि जाळीच्या मध्ये.

"एवढं अंतर. चार बोटं. बास. मेणबत्ती लाव, अगरबत्ती लाव, काय पाहिजे ते लाव. आत्याला कोणी हलवलं नाय, नुसतं सरकवलंय."

आईने मेणबत्ती लावली. धूर वाकून आत गेला. तिने तो बघितला. मग खुर्चीकडे बघितलं. तुझ्या. ती कधी बसली नव्हती त्यात, एवढ्या वर्षांत एकदाही, हो ना? तू बसू दिली नाहीस की ती बसली नाही, मला ठाऊक नाही.

"बस," मी म्हटलं.

"मला काय येतंय?"

"टकटक तर येईल."

बसली. खुर्चीच्या कडेवर, परक्याच्या घरी बसावं तशी. एका बोटाने एक अक्षर दाबलं आणि दचकून हात मागे घेतला. पडद्यावर एक 'व' आला. मग बराच शोध घेऊन दुसरं. मी बाजूला भाजी निवडायला घेतली. मला धड निवडता येत नाही, चवळीच्या शेंगांतल्या अर्ध्या किडक्या तशाच राहिल्या. तिने मान न वळवता सांगितलं, "नीट बघ." कॉम्प्युटर चालूच होता. जेवणं झाली तरी चालू. बंद करायला आईला येईना, तेव्हा मी दाखवलं. पुढच्या संध्याकाळी तिने माझ्या आधी येऊन आपली चार बोटं मध्ये घालून बघितली.

वाडीत अजून दोघं-तिघं म्हणतात, चाचीने काहीतरी पढलं, म्हणून थांबलं. म्हणू देत. त्यांना मी पडवीत बोलावते आणि त्यांचाच फोटो आणायला सांगते. अजून कोणी आणला नाही!

मी किती दिवस राहीन, ठाऊक नाही. पाय शिवशिवायला लागलेत. पण एक वचन देते, आणि तुला ठाऊक आहे, मी वचनं देत नाही, कारण पाळता येत नाहीत. हे पाळेन. लग्न न केलेली, कोणाचं न ऐकणारी, आपल्या पैशाने आपली वस्तू आणणारी बाई मेली की लोकांना ती कुठे ना कुठे बसवायची असते. आज कॉम्प्युटर, उद्या विहीर, परवा आंब्याचं झाड. तुला जिथे बसवतील तिथे मी येईन. गोव्यात असले तरी, आणखी कुठे असले तरी. येईन, ते उघडेन आणि सगळ्यांना आत बघायला लावेन. तू कुठेही सापडणार नाहीस. हे मी सगळ्या जिल्ह्याला दाखवीन.

नसलेल्या तुझी, अजून असलेली,
सुजाता